फ्रेंच मजकुराच्या अनुवादात नको तिथे ‘असता’ येतोय? कोंदिस्योनेलचा नेहमीचा बिघाड आणि तो शोधायची रीत

फ्रेंचमधून मराठीत आलेले मजकूर तपासणं आणि फ्रेंचच्या बी-वन, बी-टू या मधल्या पातळ्यांच्या परीक्षांना बसणाऱ्यांना शिकवणं हे माझं रोजचं काम. त्यात एकच बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो, तो म्हणजे कोंदिस्योनेल या क्रियारूपाचा. आपल्याकडे ते ‘संकेतार्थ’ म्हणून शिकवलं जातं. ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हे उदाहरण डोक्यात पक्कं बसतं आणि ते रूप दिसलं की हात आपोआप ‘असता’ लिहितो. बऱ्याचदा तिथे ‘असता’चा काहीच संबंध नसतो. मॉरिशसच्या मराठी घरांत रोज फ्रेंच वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. पुस्तकातून फ्रेंच शिकलेल्याला मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिते आहे, त्यामुळे जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं वेगळी सांगेन.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे बातमीच्या अनुवादात ‘असते’ आहे, पण ‘जर’ कुठेच नाही. ‘ल मिनिस्त्र ऑरे देमिस्योने’ या वाक्याचं ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’ होतं आणि वाचणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघत बसतो. तो ‘पण’ येत नाही. मूळ वाक्य सांगतंय, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते.’

दुसरं लक्षण याच्या उलट आणि जास्त धोक्याचं. अनुवादकाला ‘असते’ खटकतं, म्हणून तो ते काढून टाकतो आणि ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला’ असं ठोकून देतो. वाक्य वाचायला छान लागतं, म्हणून ते कुणाच्या नजरेत येत नाही. वार्ताहराने हातचं राखून सांगितलेली गोष्ट मराठीत येईपर्यंत पक्की झालेली असते.

तिसरं, ‘तो म्हणाला’च्या पुढे ‘आला असता’ येतं, जिथे नुसतं ‘येईन’ हवं होतं. चौथं परीक्षेत दिसतं. उताऱ्यात ही गोष्ट निश्चित म्हणून सांगितली आहे का, असा प्रश्न आला की विद्यार्थी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. पाचवं लेखनात दिसतं. कार्यालयाला लिहिलेल्या फ्रेंच पत्रातली विनंती हुकूम वाटते, कारण ‘ज वुद्रे’च्या, म्हणजे ‘मला हवं होतं’च्या, जागी ‘ज व’, म्हणजे ‘मला हवंय’, लिहिलेलं असतं.

पाचही लक्षणांचं मूळ एक आहे. कोंदिस्योनेल फक्त ‘अट’ दाखवत नाही. ‘हे मी माझ्या नावावर, आत्ताचं सत्य म्हणून सांगत नाहीये,’ असं ते सांगतं. मग ते कुणाच्या नावावर आहे? अटीच्या, कालच्या वक्त्याच्या, सूत्रांच्या की विरोधकाच्या? हे शोधणं म्हणजेच दुरुस्ती. लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाला ‘असणे-बाळगणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा वर्तमानकाळ जोडून पुढे फ्रेंच भविष्यकाळ तयार झाला आणि त्याच जोडणीत भूतकाळ वापरून कोंदिस्योनेल झालं. म्हणजे जन्मानेच ते ‘मागे उभं राहून पाहिलेलं पुढचं’ आहे. आजचे बरेच व्याकरणकार त्याला आज्ञार्थासारखा क्रियापदाचा वेगळा ‘अर्थ’ न मानता साध्या काळांच्या रांगेत बसवतात, त्यामागे हे एक कारण आहे.

आधी शेपूट बघा

ही तपासणी फुकट आहे, काही सेकंदांची आहे आणि तरी सर्रास वगळली जाते. समोरचं रूप मुळात कोंदिस्योनेल आहे का?

कोंदिस्योनेलला भविष्यकाळाचं धड आणि अँपार्फेची, म्हणजे अपूर्ण भूतकाळाची शेपटं असतात. म्हणून ते दोन्हीकडे फसवतं. ‘मी’च्या रूपात भविष्यकाळ ‘आर-ए-आय’ने संपतो आणि कोंदिस्योनेल ‘आर-ए-आय-एस’ने. आज बहुतेक फ्रेंच लोकांच्या तोंडून दोन्ही सारखेच ऐकू येतात, त्यामुळे कानावर विसंबू नका, शेवटचा एस डोळ्यांनी बघा.

दुसरी फसगत अँपार्फेशी होते. ‘इल प्रेपारे’ हे शेवटी ‘आर-ए-आय-टी’ दिसतं, पण तो आर मूळ धातूचाच आहे. ‘तो तयारी करत होता’, बस. कोंदिस्योनेल हवं असेल तर ‘प्रेपाररे’ व्हायला हवं. ‘धावणे’ या क्रियापदात तर फरक एकाच अक्षराचा आहे. एक आर असेल तर ‘तो धावत होता’ आणि दोन आर असतील तर कोंदिस्योनेल. ‘मरणे’चंही तसंच. शेपूट कापून बघा. उरलेला भाग भविष्यकाळाचं धड म्हणून चालत असेल तरच पुढे जा. नसेल तर हा बिघाड वेगळा आहे आणि खालच्या तपासण्यांत वेळ घालवू नका.

मग ‘सी’ शोधा, उघडा आणि लपलेला

‘सी’ म्हणजे ‘जर’. वाक्यात तो असेल आणि त्याच्या शेजारी अँपार्फे किंवा त्याहूनही आधीचं दाखवणारा भूतकाळ असेल, तर कोंदिस्योनेल मुख्य वाक्यात बसलेलं सापडेल. इथे ‘असता’ किंवा ‘केलं असतं’ बिनधास्त लिहा. ‘जर’ या अर्थाच्या ‘सी’च्या पोटात मात्र प्रमाण फ्रेंचमध्ये कोंदिस्योनेल येत नाही. आपण मराठीत ‘असता तर… असते’ असं दोन्हीकडे ‘अस’ वापरतो, म्हणून आपल्याकडचे विद्यार्थी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिस्योनेल लावतात. लिहिताना ही चूक होत असेल तर ती इथेच सुटते.

‘सी’ दिसला नाही म्हणून लगेच पुढे जाऊ नका. अट बऱ्याचदा दुसऱ्या कपड्यात येते. ‘साँ’ म्हणजे ‘शिवाय’ किंवा ‘नसता तर’. ‘आ ता प्लास’ म्हणजे ‘तुझ्या जागी मी असते तर’. ‘ओ का ऊ’ म्हणजे ‘जर का तसं झालंच तर’, आणि याच्या पुढे कोंदिस्योनेल येतंच. भाडेकरारात याचंच ‘दाँ ल का ऊ’ हे भावंड भेटतं: ‘भाडेकरूने भाडे न भरल्यास करार रद्द होईल.’ फ्रेंचमध्ये ‘न भरल्यास’च्या जागी कोंदिस्योनेल असतं. त्याचं ‘भाडे भरले नसते तर’ केलं की कलमाचा अर्थ निकामी होतो, कारण ‘नसते तर’ म्हणजे प्रत्यक्षात भरलं होतं. मराठी कायद्याच्या भाषेतला ‘-ल्यास’ इथे अगदी चपखल बसतो. तो वापरा.

मागे कुणी काही ‘म्हणालं’ होतं का?

‘सी’ नाही, अटही नाही. मग डावीकडे सरका आणि भूतकाळातलं बोलण्याचं, कळण्याचं किंवा वाटण्याचं क्रियापद बघा. म्हणाला, जाहीर केलं, आश्वासन दिलं, वाटलं. त्याच्या पुढे ‘क’, म्हणजे ‘की’, हा जोडशब्द आणि त्याच्या पुढे कोंदिस्योनेल असेल, तर बहुतेक वेळा तो कालच्या दिवसातून पाहिलेला भविष्यकाळ आहे.

‘इल आ दी किल व्यँद्रे.’ मराठीत: ‘तो येईन म्हणाला.’ संपलं. मराठीत बोलणाऱ्याचे शब्द आहे तसे ठेवता येतात, काळ मागे ओढावा लागत नाही, म्हणून आपल्याला हा कोंदिस्योनेल जास्तीचा वाटतो आणि आपण त्यात काहीतरी गूढ शोधायला जातो. पडताळा सोपा आहे: वाक्य वक्त्याच्या तोंडी घाला. तिथे सरळ भविष्यकाळ आला तर तपासणी इथेच थांबवा.

क्रियापद कोणतं आहे?

हवं असणे, शकणे, पाहिजे, आवडणे अशा मोजक्या क्रियापदांबरोबर कोंदिस्योनेल आवाज खाली आणतं. दुकानात ‘ज वुद्रे अं काफे’ म्हणतात त्याचं ‘मला कॉफी हवी असती’ करणारे मी पाहिले आहेत. आपण काय म्हणतो? ‘एक कॉफी हवी होती.’ गोष्ट आत्ताची, मागणी आत्ताची, तरी क्रियापद भूतकाळात टाकून आपण मागणीची धार कमी करतो. फ्रेंच माणूस तेच काम कोंदिस्योनेलने करतो. ‘पुरिये-वू’ला ‘जरा … कराल का?’ पुरतं.

बातमीत मात्र हीच क्रियापदं सौजन्यासाठी नसतात. ‘पाहिजे’चं रूप ‘दव्रे’ दिसलं आणि बैठक सोमवारी असली, तर ‘बैठक सोमवारी होईल अशी अपेक्षा आहे’. ‘व्हायला हवी होती’ हे ‘ऑरे द्यू’चं भाषांतर आहे, ‘दव्रे’चं नाही. ‘शकणे’चं रूप ‘पुरे’ दिसलं तर ‘शक्यता आहे’. फारसा विचार न करता एवढं चालतं.

वरचं काहीच सापडलं नाही, तर माहिती दुसऱ्याची आहे

खरा बिघाड इथे आहे. अट नाही, मागे ‘म्हणाला’ नाही, सौजन्य नाही, तरी बातमीत ‘सरे’, ‘ऑरे’, म्हणजे ‘असणे’ आणि ‘बाळगणे’ यांची कोंदिस्योनेल रूपं, आहेत. हा वृत्तपत्री कोंदिस्योनेल. फ्रेंच वाचक तो बघताच समजतो, की बातमीदाराने ही गोष्ट ऐकली आहे, पडताळलेली नाही, आणि तिची हमी तो घेत नाही. शेजारी ‘सलों’ किंवा ‘दाप्रे’, म्हणजे ‘च्या मते’, असेल तर शंकाच नको. पण ते नसतानाही एकटं क्रियापद हे काम करतं.

मराठीत यासाठी साधनं भरपूर आहेत. ‘समजते’, ‘कळते’, ‘वृत्त आहे’, ‘सांगण्यात येते’. बोलताना ‘म्हणे’. बातमीच्या मजकुरात मी ‘समजते’ला पहिली पसंती देते, कारण ‘म्हणे’त बोलणाऱ्याचा थोडा अविश्वास डोकावतो आणि मूळ वार्ताहराने तो दाखवलेला नसतो. ‘आरोप आहे’ तर अजिबात नको. कोंदिस्योनेल कुणावर आरोप झाल्याचं सांगत नाही, फक्त माहिती पक्की नाही एवढंच सांगतं. मुळात आरोप असा शब्द असेल तरच मराठीत तो यावा.

काळ बघायला विसरू नका. ‘ल प्रेझिदाँ सरे आ लोंद्र’ हे आत्ताचं आहे: राष्ट्राध्यक्ष लंडनमध्ये असल्याचे समजते. ‘ऑरे’ किंवा ‘सरे’ला भूतकाळवाचक धातुसाधित जोडलेलं असेल तर बहुतेक वेळा घटना घडून गेलेली असते. दोन्हींपैकी कशातही भविष्यकाळ नाही.

इथेच एक जुळं रूप गोंधळ घालतं. ‘इल ऑरा उब्लिये’ आणि ‘इल ऑरे उब्लिये’. पहिलं भविष्यकाळाच्या धाटणीचं: ‘विसरला असेल’, हा बोलणाऱ्याचा स्वतःचा तर्क. दुसरं: ‘विसरला म्हणे’, ही दुसऱ्याकडून आलेली खबर. पहिल्यात मी डोकं चालवलं आहे, दुसऱ्यात मी फक्त कान दिला आहे. हा फरक मराठीत इतका सहज उतरतो, की तो हरवू देणं मला सहन होत नाही.

वर्गात मी एक छोटी बातमी फळ्यावर लिहिते. तिच्यात चार कोंदिस्योनेल आहेत. मंगळवारी एका गोदामाला आग लागली, हे पहिलं वाक्य साध्या भूतकाळात आहे, म्हणजे पक्कं. दुसऱ्या वाक्यात दोन कामगारांच्या जखमी होण्यासाठी ‘ऑरे’चं अनेकवचन येतं. अट नाही, ‘म्हणाला’ नाही, म्हणून ‘दोन कामगार जखमी झाल्याचे समजते’. तिसऱ्यात अग्निशमन दलाचं नाव ‘सलों’सह आहे आणि पुढे ‘सरे’: ‘आग विजेच्या खोलीतून सुरू झाल्याचे अग्निशमन दलाकडून सांगण्यात येते’. चौथ्यात प्रेफेने, म्हणजे त्या भागातल्या सरकारच्या प्रतिनिधीने, ‘जाहीर केलं क’ चौकशी ‘सरे’. रूप मागच्या वाक्यातलंच, अक्षर न् अक्षर तेच, पण डावीकडे ‘जाहीर केलं’ आहे, म्हणून ‘चौकशी सुरू केली जाईल, असे प्रेफेने जाहीर केले’. पाचव्याची सुरुवात ‘साँ’ने होते: शेजारी धावून आले नसते, तर नुकसान जास्त झालं असतं. अख्ख्या बातमीत ‘असतं’ लिहायची जागा ही एकच. तपासण्या न करता उतरवलेल्या वह्यांत तो ‘असता’ चारही ठिकाणी सापडतो.

सगळ्यात अवघड: लेखक कुणाची नक्कल करतोय?

बातमी सोडून अग्रलेख, राजकीय भाषण किंवा वादविवाद वाचायला घेतलात, की कोंदिस्योनेल वक्तृत्वाचं हत्यार होतं. इथे शेपूट, ‘सी’, ‘सलों’ यांपैकी काहीच हाताला लागत नाही, सूर ओळखावा लागतो.

वक्ता उठून म्हणतो, ‘अँसी, ज सरे अं त्रेत्र!’ शब्दशः बघितलं तर ‘अशा रीतीने मी गद्दार असतो’. तो म्हणतोय, ‘म्हणजे मी गद्दार म्हणे!’ विरोधकाचं वाक्य त्याच्याच तोंडून उचलून, त्यावर कोंदिस्योनेलचा शिक्का मारून, तो ते परत फेकतो आहे. स्तंभलेखकही हे करतात. ‘बेकार लोक आळशी असतात’ असा दावा कोंदिस्योनेलमध्ये मांडायचा आणि पुढच्या वाक्यात तो पाडायचा. वरवर वाचणारा त्यालाच लेखकाचं मत समजतो आणि अनुवादात लेखकाच्या माथी त्याने कधीच न मांडलेलं मत मारलं जातं. बातमीत मी टाळायला सांगितलेला ‘म्हणे’ इथे हवाच, कारण इथे अविश्वास दाखवायचाच आहे.

ओळखायचं कसं? पुढचं वाक्य वाचा. ते ‘ऑर’, ‘पुर्ताँ’ किंवा ‘आँ रेआलिते’ने, म्हणजे ‘पण’, ‘तरीही’, ‘वास्तविक’ अशा शब्दाने सुरू होत असेल, तर आधीचा दावा पाडण्यासाठीच उभा केला होता. मग मागचा परिच्छेद वाचा. तोच दावा तिथे दुसऱ्या कुणाच्या नावाने आला आहे का, ते बघा.

प्रश्नातला कोंदिस्योनेल आणखी नाजूक. ‘सरकार घाबरलं तर नाही ना?’ असं शीर्षक फ्रेंचमध्ये ‘ऑरे-तिल पर’ने येतं. पत्रकार काहीच ठाम बोलत नाही, तरी संशय पेरून जातो. ‘सरकार घाबरले असते का?’ असं केलं तर तो संशयच गायब होतो, आणि ‘सरकार घाबरले आहे’ असं केलं तर त्याने न घेतलेली जबाबदारी आपण त्याच्यावर टाकतो. ‘तर नाही ना’ ही रचना मला इथे सगळ्यात प्रामाणिक वाटते.

गोष्टींच्या पुस्तकात मुलांच्या खेळातला कोंदिस्योनेलही भेटतो: ‘तू डॉक्टर, मी पेशंट’ हे ठरवताना फ्रेंच मुलं ‘त्यू सरे’ म्हणतात. तिथे ‘समज, तू डॉक्टर’ पुरे.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

परीक्षेचा उतारा, ब्लॉग, मित्राचं पत्र, प्रवासाची माहिती यांत वरच्या तपासण्या पुरतात. तीन ठिकाणी मात्र स्वतः हात घालू नका.

पहिलं, खऱ्या माणसावर गुन्ह्याचा संशय असलेली बातमी तुम्ही छापणार असाल तर. कोंदिस्योनेल वापरलं की कायद्यातून सुटका होते, हा समज चुकीचा आहे. फ्रान्सच्या 29 जुलै 1881च्या वृत्तपत्र स्वातंत्र्य कायद्याचं कलम 29 स्पष्ट सांगतं, की बदनामीकारक विधान शंकेच्या सुरात केलं तरी ते शिक्षेस पात्र आहे. शिवाय निर्दोष मानलं जाण्याचा हक्क 1993च्या कायद्याने तिथल्या नागरी संहितेत कलम 9-1 म्हणून आला. म्हणजे फ्रेंच वार्ताहराने ते ‘ऑरे’ जपून लिहिलं होतं, तरी ते त्याला पुरेसं कवच नव्हतं. तुम्ही मराठीत तेही काढून टाकलंत, तर जबाबदारी तुमच्या डोक्यावर आणखी मोठी येते. मराठी मजकूर संपादकाला आणि वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं, करार. भाड्याचा, नोकरीचा, विम्याचा. ‘दाँ ल का ऊ’च्या एका कलमावर पैसे अडकलेले असतात.

तिसरं आणि सगळ्यात गंभीर, न्यायालयाचा निर्णय. फ्रेंच प्रशासकीय न्यायालयं पक्षकाराचा मुद्दा कोंदिस्योनेलमध्ये मांडून मग तो फेटाळतात: हा आदेश बेकायदा ‘सरे’ हा मुद्दा बाजूला ठेवला पाहिजे, अशा धर्तीवर. कोंदिस्योनेल इथे पक्षकाराच्या म्हणण्याला न्यायालयाच्या म्हणण्यापासून वेगळं ठेवतं. ते न समजता केलेल्या अनुवादात न्यायालयानेच आदेश बेकायदा ठरवल्यासारखं दिसतं. व्हिसा नाकारल्याविरुद्धचा किंवा राहण्याच्या परवान्याचा असा कागद हातात आला, तर फ्रान्समधल्या अपील न्यायालयाच्या यादीवर असलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडेच द्या. तिथल्या सरकारी कचेऱ्या ज्याच्या शिक्क्याला मान देतात असा तो माणूस असतो. देताना अडलेलं एकच वाक्य कापून पाठवू नका, अख्खा निर्णय पाठवा. ‘सरे’ कुणाच्या नावावर आहे, हे त्याला आधीच्या पानांवरूनच ठरवता येतं.